नव्या चौकात माणसं डीपीच्या सावलीत का बसतात?

पडवी

ठाण्याच्या पलीकडे राहते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका गावाचा नाही.

आमच्या स्टेशनच्या पूर्वेला आधी टांगा स्टँड होता, मग रिक्षा स्टँड झाला, आणि दीड वर्षापूर्वी तिथे 'नागरी चौक' झाला. उद्घाटन जानेवारीत. करड्या ग्रॅनाइटची गुळगुळीत फरशी, स्टेनलेस स्टीलची बाकं, मधे कारंजं, कडेने बाटलीपाम. आणि 'आय', मग मोठा लाल बदाम, मग गावाचं नाव, अशी पुरुषभर उंचीची अक्षरं. ती हल्ली सगळीकडेच असतात. त्या संध्याकाळी खरंच छान वाटलं होतं. बाबांना घेऊन गेले, त्यांनी दोन चकरा मारल्या, फोटो काढला.

मग मार्च आला.

मी शाळेत शिकवते, साडेचारच्या सुमाराला स्टेशनवर उतरते. त्या वेळी चौक ओस पडलेला असतो. एका कोपऱ्यात विजेची डीपी आहे, जाळीच्या कुंपणात, वर कवटीची पाटी. तिच्या पूर्वेला जी काही चार-पाच फूट सावली पडते तिच्यात मात्र रोज माणसं असतात. दोन-तीन भाजीवाल्या, कुरिअरचा एक मुलगा, कधी तान्हं बाळ घेऊन कुणी. सावली सरकते तशी तीही सरकतात. एवढा खर्च करून केलेल्या चौकात टेकण्यासारखी जागा कुठली, तर धोक्याच्या पाटीखालची!

एप्रिलमध्ये बाबा पुन्हा आले. बाकावर हात टेकला आणि चटका बसल्यासारखा उचलला. तेव्हापासून आले नाहीत. जुलैमध्ये तेच ग्रॅनाइट साबणासारखं झालं, शेजारच्या आजी घसरल्या, मनगट मोडलं. आता पावसाळाभर तिथे दोरी बांधलेली असते.

माझ्या आजोळी देवळापुढे वडाचा पार आहे, बाजूला धर्मशाळेची पडवी. कुणी आखलं कुणास ठाऊक. पण मेमध्ये दुपारी दोनला तिथे माणसं असतात आणि जुलैत धो धो पावसातही. आमच्या चौकात दोन्ही वेळा नसतात. मला वाटतं, असे चौक ज्या चित्रांवरून उचलतात ती चित्रं ऊन शोधत घराबाहेर पडणाऱ्या लोकांची असतात. आपण सावली शोधत बाहेर पडतो.

तर सांगा, तुमच्या गावातली कुठली सार्वजनिक जागा मेच्या दुपारी आणि जुलैच्या सरीत वापरात असते? आणि का?

सदाशिवकर

मे महिन्यात दुपारी एक ते चार ही वेळ बाहेर पडण्याची नसतेच. हे पुण्यात आम्ही कधीपासून सांगतोय, लोक उगाच विनोद करतात.

पडवी

@सदाशिवकर, भाजीवालीला सांगून बघते.

कोनमापक

लँडस्केपच्या धंद्यात आहे, म्हणून जरा लांबण लावतो. कंटाळा आला तर पुढचा प्रतिसाद वाचा.

आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो. मुंबईत साधारण १५ मे आणि २७ जुलैला. शून्य सावली दिवस म्हणून पेपरात उभ्या बाटल्यांचे फोटो येतात, तोच प्रकार. या दोन तारखांच्या मधे मुंबईत दुपारचा सूर्य दक्षिणेला नाही, किंचित उत्तरेला असतो. 'ऊन दक्षिणेकडून येतं, तिकडे आडोसा करा' असं शिकवणारी पुस्तकं वरच्या अक्षांशांवर लिहिलेली आहेत, आणि आम्ही कॉलेजात तीच पाठ केली.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की मेमध्ये भर दुपारी भिंत, खांब, बाटलीपाम यांतलं काहीही कामाचं नाही. डोक्यावर आडवं काहीतरी पाहिजे. पण चारनंतर गणित उलटतं. मुंबईत मेमध्ये खरी मध्यान्ह घड्याळात १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास होते. संध्याकाळी ५ ला सूर्य क्षितिजापासून साधारण २८ अंशांवर, पश्चिमेला जरा उत्तरेकडे कललेला असतो. १० मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा पूर्वेकडे १८-१९ मीटर जाते. चौकाच्या पश्चिम कडेला तीन मजली इमारत असेल तर तिच्या पायथ्याशी फुकटची सावली रोज तयार होते. बाकं तिथे ठेवायची! डीपीपाशी बसणाऱ्या बायकांना हे कळलं. आखणाऱ्याने बाकं कारंज्याभोवती गोलात मांडली असणार, पैज लावतो. वरून काढलेल्या चित्रात गोल छान दिसतो.

आता चटक्याबद्दल. झाडाच्या सावलीत हवेचं तापमान फार उतरत नाही, एखाद-दोन अंश. मग बरं का वाटतं? कारण उन्हात अंगाला बसणारा मार हवेचा कमी आणि किरणांचा जास्त असतो. वरून सूर्य, खालून तापलेली फरशी, बाजूने तापलेली भिंत. डांबर उन्हात ६० अंशांच्या वर सहज जातं, आणि ते सगळं तुमच्या पोटऱ्यांवर येतं. म्हणून पत्र्याची सावली आणि झाडाची सावली सारखी नाही. पत्रा स्वतः तापतो आणि डोक्यावर शेगडीसारखा बसतो. पान त्या मानाने तापत नाही, ते पाण्याची वाफ सोडून स्वतःला निववत असतं. पत्रा घालायचाच असेल तर दुहेरी, मधे हातभर हवा खेळेल असा.

आणि एक गोची. पश्चिमेची भिंत संध्याकाळचं ऊन अडवते तसा समुद्रावरून येणारा वाराही अडवते. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळवणारा तो वारा गेला तर सावलीतही जीव गुदमरतो. त्यामुळे भिंतीपेक्षा झाडांची रांग बरी. खाली खोडांमधून वारा, वर पाला.

पडवी

@कोनमापक, गोलातच आहेत बाकं. पैज जिंकलात.

नवतपा

नागपूरहून. मुंबईवाल्यांचं ऊन वाचून गंमत वाटते भाऊ. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा काही वर्षं दुपारी सिग्नलसुद्धा बंद ठेवतात, उन्हात कुणाला उभं राहावं लागू नये म्हणून. अशी नियोजनाची कल्पना पुस्तकात सापडत नाही.

पण एक सांगतो. आमचं ऊन कोरडं, तुमचं ओलं. आमच्याकडे वाळ्याची ताटी लावलेला कूलर चालतो, दुकानासमोर बारीक फवाऱ्याचा पंखा लावला तर गिऱ्हाईक थांबते. तेच तुमच्या चौकात लावाल तर माणसं नुसती ओली होतील, गार होणार नाहीत. 'उष्ण हवामानासाठी उपाय' म्हणून एकच यादी महाराष्ट्रभर वाटतात, ती काहून वाटतात कळत नाही.

आमची खरी सार्वजनिक जागा म्हणजे पाणपोई. झाडाखाली दोन-तीन रांजण, त्यांना ओलं लाल फडकं, एक म्हातारा पाणी द्यायला. तिथे दहा मिनिटं उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही, काही विकत घ्यावं लागत नाही. दुसरी जागा म्हणजे रात्र. फुटाळा तलावाच्या काठावर उन्हाळ्यात रात्री ११ ला जी गर्दी असते ती संध्याकाळी ६ ला नसते, कारण ६ ला जमीन अजून भट्टीच असते. आणि महापालिकांच्या बागांना मात्र रात्री लवकर कुलूप!

मीटरवाला

पहिल्यांदाच लिहितोय, नेहमी वाचनमात्र असतो.

मी घरोघरी जाऊन मीटर रीडिंग घेतो. दिवसाला सात-आठ किलोमीटर पायी. वरती रात्रीच्या कुलपाचं लिहिलंय, मी दुपारच्या कुलपाचं लिहितो. माझ्या हद्दीत तीन बागा आहेत, तिन्हींत चांगली जुनी झाडं. तिन्ही सकाळी १० ला बंद होतात आणि ४ ला उघडतात. म्हणजे सावली आहे, बाक आहे, नळ आहे, आणि नेमक्या त्याच वेळी फाटक बंद. वॉचमन आत झाडाखाली झोपलेला दिसतो. त्याचा राग नाही, मीही तेच केलं असतं.

डबा मी एका बंद दुकानाच्या पायरीवर खातो. पायरीवर आता टोकेरी खिळे बसवलेत.

वनवेडी

@मीटरवाला, लिहीत राहा. या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा मुद्दा तुमचा आहे. नवीन काही बांधायला नको, फक्त वेळापत्रक बदलायचं.

सदाशिवकर

बागा दुपारी उघड्या ठेवल्या तर कॉलेजची जोडपी बसतात, म्हणून बंद ठेवतात. हे सगळ्यांना माहीत आहे, कुणी लिहीत नाही.

वनवेडी

बसू देत की. सावलीच वापरतायत, ऑक्सिजन संपवत नाहीयेत.

सेंगकांगकर

सिंगापुरात अकरा वर्षं. इथे बाराही महिने ३१-३२ अंश आणि वरचेवर सरी. तरी लोक चालतात. का, ते सांगतो.

१८२२ मध्ये इथला ब्रिटिश अधिकारी रॅफल्स याने शहराची आखणी ठरवताना सूचना दिली की प्रत्येक घराला रस्त्याच्या बाजूने ठरावीक खोलीची ओसरी हवी, आणि सगळ्या ओसऱ्या जोडून रस्ताभर छपराखालची सलग वाट व्हायला हवी. तिला मलायमध्ये 'काकी लीमा' म्हणतात. काकी म्हणजे पाऊल, लीमा म्हणजे पाच. पाच फुटी वाट. जमीन मालकाची, पण जाण्याचा हक्क सगळ्यांचा.

अर्थात दुकानदारांनी ती लगेच भरून टाकली. १८८८ मध्ये नगरपालिकेने ओसऱ्या मोकळ्या करायला घेतल्या तेव्हा दंगल झाली, आणि ती 'व्हरांडा दंगल' म्हणूनच ओळखली जाते. फेरीवाला विरुद्ध पादचारी हे भांडण आपल्याला आपलंच वाटतं, पण ते तेव्हापासूनचं आहे. शेजारी इंडोनेशियात तर फेरीवाल्यालाच 'काकी लीमा' म्हणतात.

अलीकडचं म्हणजे २०१३ ते २०१८ या काळात मेट्रो स्टेशनांच्या ४०० मीटर परिघात शाळा, दवाखाने, वस्त्या यांच्यापर्यंत छपराखालच्या वाटा बांधल्या, एकूण सुमारे २०० किलोमीटर. दिसायला काही नाही. खांब आणि वर सपाट छप्पर. फोटो काढावा असं त्यात काहीच नाही. पण आई भारतातून आली की छत्री न घेता मार्केटला जाऊन येते.

हे सगळं पैशाने होतं आणि आमच्याकडे पैसा आहे, हे मान्य. पण पाच फुटी वाट नियमाने झाली होती, सरकारने स्वतः बांधून नाही.

कोनमापक

मुंबईतही नियमाने झाली होती. फोर्टातला दादाभाई नौरोजी रस्ता, जुना हॉर्नबी रोड. १८९६ च्या नियमांनी तिथल्या इमारतींना तळमजल्यावर सलग कमानींची वाट ठेवायला लावली. वरची शैली ज्याची त्याची, गॉथिक म्हणा, निओक्लासिकल म्हणा, पण खालची वाट एकसंध. सीएसएमटीवरून फाउंटनपर्यंत जुलैच्या पावसात फारसं न भिजता जाता येतं ते त्यामुळे. आज ती वाट चिंचोळी वाटते कारण निम्मी स्टॉलांनी भरली आहे. तरी स्टॉल काढून टाका असं मी म्हणणार नाही. स्टॉल असल्यामुळे तिथे संध्याकाळी उजेड आणि माणसं असतात.

याच्या उलट स्कायवॉक, म्हणजे पादचाऱ्यांचे उंच पूल. २००८ मध्ये वांद्र्याला पहिला झाला, मग रांगच लागली. वर छप्पर आहे, पण माणसाला आधी जिना चढायचाय, मग तापलेल्या छपराखालून चालायचंय, मग उतरायचंय. खाली रस्त्याला सावली नाहीच.

सोपो

आमच्या गोंयच्या जुन्या घरांना पुढे बलकांव असतो. चार पायऱ्या, वर कौलारू छप्पर, दोन बाजूंना भिंतीतच बांधलेली बैठक, तिला सोपो म्हणतात (माझं नाव त्यावरूनच). घराचा भाग, पण तोंड रस्त्याकडे. संध्याकाळी आजी तिथे बसली की जाणारा-येणारा दोन शब्द बोलून जातो, कधी टेकतो. घर खाजगी, बोलणं सार्वजनिक.

बलकांवाचं छप्पर कसं बसकं आणि पुढे आलेलं असतं बघा. आमचा पाऊस सरळ पडत नाही, झड येते, नैर्ऋत्येकडून. वाऱ्याने पाऊस ४५ अंशांत तिरपा झाला तर ३ मीटर उंच छपराखाली ३ मीटर आतपर्यंत भिजतं. हल्लीचे बसस्टॉप बघा. छप्पर उंच, खोली चार फूट, मागे जाहिरातीची काच. पावसात लोक बसस्टॉपमध्ये नाही, बसस्टॉपच्या मागे उभे असतात, दुकानाच्या वळचणीला.

पणजीत कांपालला वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी केलेली कला अकादमी आहे. रस्त्यावरून आत शिरलं की पर्गोलाखालून (आडव्या पट्ट्यांचं उघडं छत) सरळ मांडवीकडे वाट जाते, मधे दार नाही, तिकीट नाही. नाटक नसलं तरी मुलं तिथे बसलेली असायची. मी कॉलेजात असताना निम्मा अभ्यास तिथे केला, निम्मा केला असं घरी सांगितलं.

कनिष्ठ_ते_कार्यकारी

एका महापालिकेत ३४ वर्षं काढली, आता निवृत्त. सगळे आराखडा करणाऱ्याला शिव्या देत आहेत, म्हणून दुसरी बाजू.

एस्टिमेट डीएसआरवरून, म्हणजे सरकारी दरसूचीवरून होतं. ग्रॅनाइटला दर आहे, पेव्हर ब्लॉकला आहे, स्टीलच्या बाकाला आहे. सावलीला दर नाही. 'मे महिन्यात ४ वाजता इतके चौरस मीटर सावली' अशी बाब कुठल्याही निविदेत मी पाहिली नाही. ज्याचं मोजमाप नाही त्याचं बिल निघत नाही.

बाटलीपाम का? नर्सरीतून दहा फुटी तयार येतो, उद्घाटनाला उभा दिसतो. फांद्या तारांना लागत नाहीत, पाला गटारात जात नाही. वड लावला तर १५ वर्षांनी उपयोग, आणि कंत्राटदाराची दोषदायित्वाची (बिघाड झाला तर स्वतः दुरुस्त करून देण्याची) मुदत दोन-तीन वर्षं. शिवाय १९७५ च्या वृक्ष कायद्याने एकदा वाढलेलं झाड हलवायचं तर परवानग्या. कायदा चांगला आहे, पण त्याचा एक उलटा परिणाम मी डोळ्यांनी पाहिलाय. जिथे पुढे कधी रस्ता रुंद होईल असं वाटतं, तिथे आमचे लोक मोठं होणारं झाड लावतच नाहीत.

जमिनीखालचं तर कुणी बघतच नाही. फूटपाथखाली पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस आणि सात कंपन्यांच्या केबल. झाडाला उरतो दोन बाय दोन फुटांचा खड्डा, त्यातही ब्लॉक बुंध्यापर्यंत आणून बसवलेले. दिल्लीसाठी हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवती एक मीटर काँक्रीट काढायचे आदेश दिले होते. आपल्याकडे अजूनही मिस्तरी बुंध्याला अंगठीसारखं सिमेंट करतो, नीटनेटकं दिसतं म्हणून. मुळं पसरत नाहीत, जूनच्या पहिल्या वादळात झाड आडवं होतं आणि बातमी येते 'धोकादायक झाड कोसळले'. कुंडीत वड लावून वर त्यालाच दोष.

आणि शेवटचं, जे नोकरीत असताना बोललो नसतो. बसणारी माणसं सगळ्यांना हवी असतात असं नाही. रहिवाशांची तक्रार येते, 'बाकावर लोक झोपतात'. मग बाकाच्या मधोमध दांडा येतो. असे दांडे बसवायच्या एका फाइलवर माझीही सही आहे.

मीटरवाला

साहेब, खरं लिहिलंत.

सदाशिवकर

उत्तम प्रतिसाद. पुण्यातला जंगली महाराज रस्ता घ्या. फूटपाथ रुंद केले तेव्हा मीही नावं ठेवली होती, पार्किंग गेलं म्हणून. पण लोक बसतात, हे नाकारत नाही. कारण बाकांची रचना वगैरे नाही, तिथली जुनी मोठी झाडं ठेवली हे आहे. झाड आधी आणि बाक नंतर.

बाकी @पडवी, तुमच्या चौकात बहावा लावा. आपलं देशी झाड, मेमध्ये पिवळे घोस, बघत राहावं.

वनवेडी

बघत राहावं, बरोबर. बसू नये. बहावा ज्या दिवसांत फुलतो त्या दिवसांत पानं जेमतेम असतात. पळस, काटेसावर यांचंही तेच, फुलतात तेव्हा निष्पर्ण. गुलमोहर मादागास्करचा, मुळं उथळ, पावसाळ्यात पडणाऱ्यांत त्याचा नंबर वरचा.

सावलीसाठी झाड निवडताना एकच बघायचं: एप्रिल-मेमध्ये अंगावर पानं आहेत का. करंज मार्चच्या सुमाराला पानं टाकतो आणि लगेच पोपटी पालवीने भरतो, ऐन उन्हाळ्यात गच्च. मूळचा नदी-खाडीकाठचा, त्यामुळे पाणी साचलं, माती खारट असली तरी तक्रार नाही. कडुनिंब पाडव्याला कोवळ्या पाल्यावर असतो हे वेगळं सांगायला नको, आपण तो खातोच. बकुळ सदाहरित, सावली दाट, वाढ मात्र संथ. नांदरूक उत्तम, पण जागा मोकळी हवी. जांभूळ सावलीला छान, पण जूनमध्ये खालची फरशी जांभळी आणि निसरडी. बाकावर नको, मैदानाच्या कडेला चालेल.

मुंबईच्या रस्त्यांवरचे वर्षावृक्ष आठवतात? मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातले, पण छत्री असावी तर तशी. संध्याकाळी पानं मिटतात, त्यामुळे रात्री खालची उष्णता आभाळाकडे निघून जाते. पिठ्या ढेकूण या किडीने त्यातले शेकडो वाळून गेले. एकाच जातीवर भिस्त ठेवली की असं होतं.

सदाशिवकर

बहाव्याबद्दलचे शब्द मागे. चक्क.

वनवेडी

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

सराफ्याची_आत्या

इंदूरहून नमस्कार. मराठी घरात वाढले, चुका सांभाळून घ्या.

आमच्या सराफ्याबद्दल सगळ्यांना माहीत असेल. दिवसा सोन्या-चांदीची पेढी, रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात. भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी. रात्री बारालाही बायका-मुलं फिरत असतात. एकच गल्ली, दोन पाळ्या. ऊन टाळायचं असेल तर जागा बदलायची गरज नाही, वेळ बदलली तरी चालतं.

पण रात्रीचं म्हटलं की पुरुषमंडळी 'चला, उघडी ठेवा' म्हणून मोकळी होतात. मला चार गोष्टी लागतात. स्वच्छ बाथरूम, जी उघडी असेल. दिवे झाडाच्या पाल्याच्या वर नकोत, खाली हवेत. खांब ३० फुटी असला तर प्रकाश पाल्यावर पडतो आणि खाली मिट्ट काळोख. मग लोक म्हणतात झाडामुळे अंधार होतो, छाटा. तिसरी, निदान एक चहावाला तरी जागा. आणि चौथी, बाकाला पाठ. माझ्या वयाला पाठ हवी.

मिठीकाठ

पावसाचं फारच कमी बोललं गेलंय. मुंबईत चार महिन्यांत २,००० मिमीच्या वर पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. मी तेव्हा दहावीत होतो, रात्र कुर्ल्याला एका शाळेच्या जिन्यात काढली. उंच जोतं असलेली ती शाळाच त्या रात्रीची सार्वजनिक जागा होती.

बँकॉकमध्ये चुलालोंगकॉर्न विद्यापीठाच्या शताब्दीनिमित्त २०१७ मध्ये बाग झाली, आराखडा कोत्चाकोर्न वोराखोम यांचा. ११ एकरांची ही बाग एका बाजूने तीन अंशांनी उचललेली आहे. पाणी उतरून खालच्या तळ्यात जमतं, शहराच्या गटारांवरचा भार हलका होतो. सिंगापूरला बिशान-आंग मो क्यो बागेत २.७ किलोमीटरचा काँक्रीटचा नाला फोडून ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली, २०१२ मध्ये उघडली. कोरड्या दिवशी मुलं काठावर खेळतात, मोठ्या सरीत तोच काठ पाण्याखाली जातो.

आपल्याकडे नदीकाठ 'सुशोभित' करतात म्हणजे भिंत घालतात. घाट ही आपलीच गोष्ट होती ना? वाईला, नाशिकला पाणी चढलं की खालच्या पायऱ्या बुडतात, माणूस वर सरकतो, पाणी उतरलं की परत खाली. जागा भिजणार हे धरूनच बांधलेली.

सेंगकांगकर

बिशानला पाणी चढायला लागलं की सायरन वाजतो, दिवे लागतात, लोक शांतपणे वर येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीच एकटा पळालो.

नवतपा

खारघरचं कुणीच लिहिलं नाही. एप्रिल २०२३, पुरस्काराचा कार्यक्रम. मंचावर मांडव आणि लाखो माणसं तासन्‌तास उघड्या मैदानात. उष्माघाताने माणसं मेली. त्या दिवशी पारा काही ४५ नव्हता, पण दमट हवेत घाम वाळत नाही. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यातून धडा घेऊन २०१३ मध्येच उष्णतेसाठी कृती आराखडा केला होता. मैदान ही सार्वजनिक जागाच आहे, आणि 'मांडव कुणाच्या डोक्यावर' हा नियोजनाचाच प्रश्न आहे.

कोनमापक

+१. यावर अधिक बोलवत नाही.

पडवी

धागा वर काढतेय, कारण थोडं काही घडलंय.

एप्रिलमध्ये नववीच्या मुलांना घेऊन चौकात गेले. भूगोलाचा उपक्रम म्हणून. ३ ते ६ दर अर्ध्या तासाने प्रत्येक सावलीची कड खडूने आखली, वेळ लिहिली. ग्रॅनाइटवर खडू इतका छान उठतो, या चौकाचा हा एक फायदा नमूद करायला हवा. साडेचारला पश्चिमेच्या बँकेच्या इमारतीची सावली पट्ट्यासारखी दिसायला लागली आणि त्या पट्ट्यात एकही बाक नाही हे मुलांनी स्वतःच ओरडून सांगितलं. फोटो आणि नकाशा घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले. कार्यकारीकाका, तुमचं वाक्य वापरलं, 'सावलीला दर नाही'. तिथले साहेब हसले आणि म्हणाले, हे आमच्यातल्याच कुणीतरी सांगितलेलं दिसतंय.

तीन फेऱ्या झाल्या. चार बाकं पश्चिम कडेला हलवायला मंजुरी मिळाली. झाडांसाठी फरशी उखडायची नाही असं आधी ठाम होतं, मग तीन खड्ड्यांवर तडजोड झाली, चार बाय चार फूट, ब्लॉक बुंध्यापर्यंत आणायचे नाहीत हे लेखी घेतलंय. बाकांवर लाकडी पट्ट्या मागितल्या होत्या, 'चोरीला जातील' म्हणाले.

वनवेडी

झाडं कुठली???

पडवी

दोन करंज, एक बकुळ. आत्ता कमरेएवढी आहेत. मुलांनी पाण्याच्या पाळ्या लावल्यात, सुट्टीत रिक्षावाले घालतात.

सदाशिवकर

अभिनंदन. आणि डीपीपाशी बसणाऱ्या त्या भाजीवाल्या? आता बाकांवर बसत असतील.

पडवी

बाकं अजून हललेली नाहीत, वर्क ऑर्डर निघायची आहे. डीपीला मात्र आठवड्यात बाहेरून दुसरं कुंपण घातलं, माणसं बसू नयेत म्हणून. भाजीवाल्या सध्या लाल बदामाच्या मागे बसतात. अक्षरांपेक्षा त्याची सावली रुंद पडते, साडेचारला चौघी मावतात.